स्वगतातला दुसरा माणूस

भूमिका मोठी की लहान हे ठरवताना मराठी रंगभूमीवर बहुधा वाक्यांची मोजदाद होते, आणि नाट्यस्पर्धा, निवडचाचणी किंवा नाट्यशिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेसाठी उतारा निवडणारा नटही याच मापाने चालत असल्यामुळे तीच ती चारदोन स्वगते वर्षानुवर्षे परीक्षकांच्या कानांवर पडत राहतात. १९५४ पासून राज्य नाट्य स्पर्धेने आणि १९६३ पासून पुरुषोत्तम करंडकाने महाराष्ट्राला नटांच्या कित्येक पिढ्या दिल्या, मात्र नटाने आपल्यासाठी संहिता कशी निवडावी, या प्रश्नाची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली. अलीकडच्या काळातील कोणती नाटके आणि कोणती एकपात्री संहिता नटाच्या सामर्थ्याची खरी परीक्षा पाहतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला असून त्यासाठी एकच कसोटी वापरली आहे. पात्र किती बोलते हे बाजूला ठेवून, ते कोणाशी बोलते आणि तो ऐकणारा मंचावर नसतानाही प्रेक्षकाला दिसतो का, असे ही कसोटी विचारते.

या कसोटीचे मूळ परकीय नाट्यविचारात शोधण्याची गरज नाही. संस्कृत नाट्यशास्त्राने पात्राच्या बोलण्याचे जे प्रकार सांगितले, त्यांत स्वतःशीच केलेले भाषण ते ‘स्वगत’, मंचावरील इतरांना ऐकू न देता एखाद्याच्याच कानी घातलेले भाषण ते ‘जनान्तिक’ आणि मंचावर नसलेल्या व्यक्तीशी केलेले भाषण ते ‘आकाशभाषित’ होय. आकाशभाषितात नट अदृश्य माणसाचा प्रश्न ऐकतो, तो स्वतःच्या तोंडाने पुन्हा उच्चारतो आणि मग त्याला उत्तर देतो. दहा रूपकांपैकी ‘भाण’ हा प्रकार तर संपूर्णपणे याच युक्तीवर उभा आहे. एका अंकाच्या या रूपकात विट नावाचे एकच चतुर, नागर पात्र रस्त्याने हिंडते आणि दिसेल त्याच्याशी गप्पा मारते, पण तो समोरचा माणूस प्रेक्षकाला कधीच दिसत नाही. ‘चतुर्भाणी’ या नावाने एकत्र आलेले चार जुने भाण वाचताना ध्यानात येते की गजबजलेले नगर उभे करण्यासाठी त्या लेखकांना एक नट आणि त्याचे कान एवढेच साहित्य पुरेसे वाटले होते. ‘एकपात्री’ असे आज ज्याला म्हटले जाते, त्याचा हा पूर्वज नटाकडून वाणीच्या आधी श्रवणाची अपेक्षा करीत होता.

आकाशभाषिताचे आधुनिक मराठीतील सर्वांत कसदार उदाहरण प्रशांत दळवी यांच्या ‘चारचौघी’ या नाटकात सापडते. १९९१ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आलेले आणि २०२२ मध्ये त्यांनीच नव्या नटसंचात पुन्हा उभे केलेले हे नाटक, विवाहाच्या चौकटीबाहेर राहून तीन मुलींना वाढवणारी आई आणि त्या मुली यांचे आहे. मोठी मुलगी विद्या हिचा पतीशी दूरध्वनीवर होणारा दीर्घ संवाद हा या नाटकाचा मर्मबिंदू असून पहिल्या संचात वंदना गुप्ते यांनी आणि नव्या संचात मुक्ता बर्वे यांनी तो साकारला. पतीच्या परस्त्रीसंबंधांचा जाब विचारणाऱ्या या स्त्रीला मंचावर कोणीही प्रत्युत्तर देत नाही, त्यामुळे पलीकडचा माणूस कधी गप्प झाला, कधी त्याने सारवासारव केली आणि कधी त्याने मधेच तोडले, हे सारे अभिनेत्रीच्या थांबण्यातून, श्वासातून आणि अर्धवट सुटलेल्या शब्दातून कळावे लागते. नव्या अभिनेत्रीने अभ्यासासाठी एकच उतारा निवडायचा असेल, तर तो हा असावा, कारण केवळ पाठांतर आणि आवाजाची फेक यांच्या बळावर तो पेलता येत नाही.

याच कसोटीची उलट बाजू विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या १९६७ च्या नाटकात दिसते. अभिरूप न्यायालयाच्या खेळात आरोपी ठरवल्या गेलेल्या लीला बेणारेला बोलण्यासाठी काही सेकंदांची मुभा मिळते, आणि ती बोलू लागते तेव्हा मंचावरील बाकीची माणसे जागच्या जागी थिजलेली असतात. येथे ऐकणारे हाकेच्या अंतरावर बसलेले आहेत, पण ऐकत कोणीच नाही, आणि बेणारेच्या बोलण्याला येणारी धार या न ऐकले जाण्यातून येते. सुलभा देशपांडे यांनी प्रथम साकारलेले हे स्वगत स्पर्धांमधून सुटे काढून म्हटले जाते, तेव्हा सभोवतालची थिजलेली माणसे वगळली जातात आणि उरते ते केवळ एका दुःखी स्त्रीचे गाऱ्हाणे. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ या १९७० च्या नाटकातील स्वगतांचेही असेच झाले आहे. डॉ. श्रीराम लागू यांनी प्रथम उभ्या केलेल्या अप्पासाहेब बेलवलकरांची स्वगते काव्यात्म असल्यामुळे ती म्हणून दाखवण्याचा मोह विशी-बाविशीतील नटाला होतो, परंतु त्या वाक्यांमागे मंचावर घालवलेले सारे आयुष्य आणि समोरून नाहीसा झालेला प्रेक्षकवर्ग उभा आहे, याची जाण नसेल तर त्या सादरीकरणाचे पाठांतराच्या स्पर्धेत रूपांतर होते. या दोन्ही नाटकांचे मोठेपण निर्विवाद आहे, मात्र सरावासाठी वारंवार हाताळले गेल्यामुळे त्यांच्यावर पूर्वसुरींच्या लकबींची एवढी पुटे चढली आहेत की नव्या नटाने काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहणे त्याच्याच हिताचे ठरेल.

त्यांच्याऐवजी ज्या अलीकडच्या संहितांकडे वळावे, त्यांत पहिले नाव प्राजक्त देशमुख यांच्या ‘संगीत देवबाभळी’चे घ्यावे लागते. नाशिकच्या या लेखकाने आधी एकांकिकेच्या रूपात लिहिलेले आणि २०१७ मध्ये भद्रकाली प्रॉडक्शनने पूर्ण लांबीच्या नाटकाच्या रूपात रंगमंचावर आणलेले हे नाटक दोनच स्त्रीपात्रांचे आहे. तुकोबांसाठी भाकरी घेऊन निघालेल्या आवलीच्या पायात काटा रुततो, विठ्ठल तो काढतो आणि तिच्या शुश्रूषेसाठी रखुमाई ‘लखुबाई’ या नावाने तिच्या घरी येऊन राहते, एवढ्याच कथासूत्रावर ते उभे आहे. ज्या दोन पुरुषांविषयी या दोघी अखंड बोलतात, ते तुकाराम आणि विठ्ठल मंचावर येत नाहीत, आणि त्यांची अनुपस्थिती हाच नाटकाचा खरा विषय आहे. आवलीची भूमिका वरवर सोपी वाटते, कारण तिचा राग उघड असतो, परंतु विठ्ठलाला शिव्या घालणारी ही बाई आपल्या घरच्या माणसावरील मायेपोटी तसे करते, हे शब्दांत कोठेही न सांगता पोहोचवावे लागते. लखुबाईची भूमिका त्याहून अवघड म्हणावी लागेल, कारण आवलीचे बोलणे मुकाट ऐकत असतानाच पतीवर रुसून दिंडीरवनात आलेल्या रखुमाईचे स्वतःचे शल्य तिला लपवायचे असते, म्हणजे अभिनेत्रीला एकाच वेळी एक ऐकणे दाखवायचे आणि दुसरे झाकायचे असते. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी यांनी या भूमिकांचे मानदंड घालून दिले असले, तरी ही संहिता अनुकरणापेक्षा नव्या अर्थनिर्णयाला अधिक वाव देणारी आहे. गाता गळा मात्र तिला अनिवार्य आहे, कारण येथे पद हे संवादाचे पुढचे पाऊल असून ते गद्यात म्हटल्यास पात्राची मनोवस्था अर्ध्यावर तुटते.

पुरुषनटांसाठी अजित दळवी यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ या नाटकाची शिफारस करता येते. संततिनियमन आणि लैंगिक शिक्षण यांच्या प्रसारासाठी र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या मासिकाचे नाव या नाटकाने घेतले असून अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर भरल्या गेलेल्या खटल्यांभोवती त्याची रचना आहे. त्यांतील १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कर्व्यांची वकिली केली होती. अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकात गिरीश कुलकर्णी यांनी कर्वे उभे केले. ही भूमिका तरुण नटाने अभ्यासावी याचे कारण असे, की कर्वे हे भावनेने थबथबलेले पात्र नाही. ते तर्काने बोलतात, सहानुभूती मागत नाहीत आणि समाज ऐकणार नाही हे पक्के ठाऊक असूनही बोलणे थांबवत नाहीत. ज्याला अश्रू, आक्रोश आणि आवाजाचे चढउतार यांखेरीज दुसरे साधन हाताळता येत नाही, अशा नटाला ही भूमिका उघडे पाडते, तर ज्याला कोरडेपणातील जिद्द दाखवता येते, त्याला ती मोठे करते. क्षितिज पटवर्धन यांच्या ‘भूमिका’ या ताज्या नाटकात न ऐकणाऱ्यांशी बोलण्याच्या याच प्रश्नाला आणखी एक पदर मिळाला आहे. सचिन खेडेकर यांनी साकारलेला त्यातील नायक स्वतः नट असून त्याच्यासमोर बाबासाहेबांची भूमिका येते, त्यामुळे व्यक्ती आणि तिने धारण केलेले पात्र यांच्यातील अंतर कधी वाढते आणि कधी मिटते, हे दाखवण्याची दुहेरी जबाबदारी नटावर पडते. जातीविषयी घरात जपलेले मौन मोडणारे बोलणे या नाटकाच्या केंद्रस्थानी असल्याने येथेही ऐकणाऱ्यांची अस्वस्थता बोलणाऱ्याच्या वाक्यांइतकीच महत्त्वाची ठरते.

शरीर आणि स्मृती या दोन साधनांवर अवलंबून असलेल्या दोन भूमिकांची नोंद येथे थोडक्यात करावी लागेल. प्रताप फड यांच्या ‘अनन्या’मध्ये अपघातात दोन्ही हात गमावलेल्या तरुणीची भूमिका ऋतुजा बागवे यांनी केली. हातांचा आधार काढून घेतला की नटाच्या किती सवयी गळून पडतात, हे कळण्यासाठी ही संहिता तालमीच्या खोलीत एकदा तरी हाताळून पाहावी. संदेश कुलकर्णी लिखित ‘असेन मी, नसेन मी’ या नाटकात विस्मरणाच्या आजाराने ग्रासलेल्या स्त्रीची भूमिका आहे. जिची आठवणच विरत चालली आहे, ती समोरच्या माणसाला कोण समजून बोलते हे क्षणोक्षणी बदलत असल्यामुळे या भूमिकेत ऐकणारा मंचावर असूनही निश्चित नसतो. साठीपुढच्या अभिनेत्रींसाठी मध्यवर्ती भूमिका मराठीत दुर्मीळ असताना अशी संहिता लिहिली जाते, ही बाब लेखकांनी गांभीर्याने घ्यावी.

एकपात्री प्रयोगांकडे वळताना त्यांचे दोन ठळक प्रकार वेगळे करणे आवश्यक आहे. पहिल्या प्रकारात एकच नट अनेक पात्रे उभी करतो. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगातील बावन्न पात्रे हे त्याचे सर्वज्ञात शिखर असून पुढे संदीप पाठक यांनी तो प्रयोग चालू ठेवला. दुसऱ्या प्रकारात नट एकाच व्यक्तीच्या अंतरंगात शिरतो, आणि सुषमा देशपांडे यांचा १९८९ पासूनचा ‘व्हय मी सावित्रीबाई’ हा त्याचा आदर्श मानता येतो. या दुसऱ्या प्रकाराचे पीक पुढे एवढे माजले की कोणत्याही थोर व्यक्तीचे चरित्र प्रथमपुरुषी वाक्यांत लिहिले म्हणजे एकपात्री नाटक झाले, असा समज दृढ झाला. अशा अनेक प्रयोगांत जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या सनावळ्या थोर व्यक्तीच्याच तोंडून वदवल्या जातात, आणि हे सारे ती व्यक्ती आज, आत्ता, कोणाला आणि कोणत्या गरजेपोटी सांगते आहे, हा प्रश्न लेखकाला पडलेलाच नसतो. सावित्रीबाईंच्या प्रयोगाचे बळ समोरच्या प्रेक्षकांनाच, विशेषतः त्यांतील बायाबापड्यांना, कथनाच्या भागीदार करून घेण्यात आहे. सुषमा देशपांडे यांनीच लिहिलेल्या आणि राजश्री सावंत-वाड यांनी सादर केलेल्या ‘तिच्या आईची गोष्ट अर्थात माझ्या आठवणींचा फड’ या प्रयोगात तमाशातील कलावती आपले आयुष्य मांडते तेव्हा पांढरपेशा प्रेक्षकाच्या नजरेत आपल्याविषयी काय आहे, हे तिला नेमके ठाऊक असते आणि त्या नजरेशीच ती बोलत राहते. एकपात्री संहिता शोधणाऱ्या अभिनेत्रीने हे दोन प्रयोग पाहिले, तर चरित्रकथन आणि नाट्य यांतील सीमारेषा तिला वेगळी शिकवावी लागणार नाही.

संहिता निवडल्यानंतरच्या दोन व्यावहारिक बाबी दुर्लक्षून चालणार नाहीत. कोणत्याही नाटकाचा जाहीर प्रयोग करण्यापूर्वी लेखकाची किंवा हक्कधारकाची लेखी परवानगी आणि त्याचे मानधन हे पहिले कर्तव्य असून महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र ही त्यापुढची पायरी आहे. उतारा वेचतानाही एक पथ्य पाळावे. संपूर्ण नाटक वाचल्याशिवाय त्यातील पाच मिनिटांचा तुकडा उचलू नये, आणि वेळेच्या बंधनासाठी काटछाट करावीच लागली तर पात्राचे शब्द कमी करावेत, पण त्याचे थांबणे कमी करू नये, कारण न दिसणारा माणूस त्याच थांबण्यांत वसलेला असतो.

या सर्व शिफारशींमागील कसोटी नटाला स्वतःच्या टेबलावर बसून वापरता येण्याजोगी आहे. पाठांतराला आरंभ करण्यापूर्वी त्याने वहीच्या डाव्या पानावर पात्राची वाक्ये उतरवून काढावीत आणि उजव्या पानावर, लेखकाने न लिहिलेली, समोरच्याची उत्तरे स्वतः लिहावीत. विद्याच्या पतीची उत्तरे, आवलीला विठ्ठलाने न दिलेली उत्तरे, कर्व्यांसमोरच्या न्यायाधीशाच्या मनात उमटून गेलेली उत्तरे, सारी लिहावीत. उजवे पान आपोआप भरत गेले तर ती भूमिका घ्यावी आणि तालमीला लागावे. ते कोरेच राहिले, तर एकदा स्वतःच्या वाचनाविषयी शंका घेऊन संहिता पुन्हा वाचावी, आणि दुसऱ्या वाचनानंतरही तेथे कोणी बोलू लागले नाही, तर ती खुशाल मिटून ठेवावी.