जीव वाचवायचा तर आधी दिसला पाहिजे



चातुर्मास आला की आपल्या घरांत चाळण्या, गाळणी, मऊ झाडू यांची नव्याने तपासणी होते. यंदा त्यांच्या शेजारी आणखी एक वस्तू ठेवा, असं मला सुचवायचं आहे. ती म्हणजे भिंग. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिमट्यासारखी अडकवायची मॅक्रो लेन्स काही शे रुपयांत मिळते. ती नको असेल तर हातातलं साधं भिंगही चालेल. हिऱ्यांच्या व्यवहारात असलेल्या घरांत तर दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग असतंच. खड्यातला दोष शोधायला आपण ते वापरतो. एकदा ते मुंगीकडे वळवून बघा.

मॅक्रो फोटोग्राफी म्हणजे बारीक वस्तूचा अगदी जवळून घेतलेला फोटो. काटेकोर अर्थ असा की वस्तू जेवढी, तेवढीच तिची प्रतिमा कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर पडली पाहिजे. मोबाइलवर एवढं साधत नाही, पण घरच्यापुरतं भरपूर दिसतं. मिठाचा दाणा चौकोनी ठोकळ्यासारखा दिसतो. खसखशीच्या दाण्यावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. सुती साडीच्या धाग्याचा पीळ मोजता येतो. मुलं तासभर रमतात.

पण मला बोलायचं आहे ते जिवांबद्दल. पाण्याच्या एका थेंबात ३६,४५० जीव, हा आकडा पाठशाळेत आपण घोकला आणि आता मुलंही घोकतात. मात्र त्यातला एक तरी जीव कुणी पाहिला आहे का? तेवढे सूक्ष्म जीव मॅक्रो लेन्सला दिसत नाहीत, त्याला सूक्ष्मदर्शक लागतो. ते जग माणसाला पहिल्यांदा दाखवणाऱ्यांपैकी एक होता हॉलंडमधल्या डेल्फ्टचा लेव्हेनहुक, आणि तो कापडाचा व्यापारी होता! सतराव्या शतकात कापडाचे धागे तपासायला व्यापारी भिंग वापरत. त्याच वेडातून तो थेंबातल्या जिवांपर्यंत पोचला. आपल्या समाजात कापडाची दुकानं काय कमी आहेत?

माझं म्हणणं एवढंच: दया आपण यादी म्हणून शिकतो. हे खायचं नाही, ते तोडायचं नाही, रात्री दिवा उघडा ठेवायचा नाही. यादी हवीच. पण ज्याच्यासाठी ती आहे, त्याची ओळखच नसेल तर यादी पाळता पाळता हातून तोच जीव चिरडला जातो आणि कळतही नाही.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करू. तांदळातला सोंडकिडा आपण सगळ्या ओळखतो. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. भिंगाखाली त्याची सोंड स्पष्ट दिसते. मादी त्या सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते. म्हणजे चाळणीत सापडतात ते फक्त बाहेर आलेले किडे. भोक असलेला दाणा भिंगात दिसेल, पण बुजवलेला दाणा अख्खाच वाटेल. हे एकदा कळलं की पावसाळ्यात धान्य थोडं थोडं आणायचं आणि पिठाची मर्यादा तीन दिवसांची, यामागचं कारण सुनेला समजावून सांगायची गरज उरत नाही.

मग गॅलरीतला कढीपत्ता. फोडणी टाकायच्या घाईत आपण डहाळी ओरबाडतो. पानावर टाचणीच्या डोक्याएवढा फिकट पिवळा मणी दिसला तर थांबा, ते फुलपाखराचं अंडं असू शकतं. लहान अळी तर हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून आपण ती घाण समजून पुसून टाकतो. मुलांना फुलपाखरं मनसोक्त पाहायची असतील तर ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर ओवळेकर वाडी आहे. पण एक कुंडीही पुरते.

आणि कोळी. भक्ष्य पकडायला जाळं न विणता उडी मारणारा छोटा कोळी आपल्या खिडकीच्या गजांवर नेहमी असतो. चतुरिंद्रिय म्हणजे चौथं इंद्रिय डोळा. याला डोळे आठ, पुढचे दोन मोठे, आणि आपण लेन्स जवळ नेली की तो वळून आपल्याकडेच पाहतो. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरातून अशा कोळ्यांच्या दोन नव्या जाती संशोधकांनी जगापुढे आणल्या. त्यातल्या एकीचं नाव आहे आयसियस तुकारामी. २००८ च्या २६/११ ला कसाबला धरून ठेवताना प्राण देणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ते दिलं आहे. एका हुतात्म्याचं नाव मिळालेला जीव आपल्या कल्याणच्या आसपास राहतो, आणि सोसायटीत फवारणीचा विषय निघाला की आपण निमूट मान डोलावतो. पुढच्या बैठकीत निदान एवढं विचारा: कशावर, का आणि दुसरा उपाय नाही का?

आता दुसरी बाजू. एक काकू म्हणाल्या, "अगं, फोटोच्या नादात तुम्हीच त्यांना छळाल." त्यांची भीती खरी आहे. इतक्या जवळून फोटो घेताना जेमतेम मिलिमीटरभर भाग स्पष्ट येतो, किडा हलला की फोटो गेला. म्हणून काही हौशी लोक किड्याला फ्रिजमध्ये ठेवून गारठवतात, दव दिसावं म्हणून पाणी मारतात. सुंदर फोटो दिसतो, त्यामागचा त्रास दिसत नाही. आपल्याला हे चालणार नाही. जीव जिथे आहे तिथेच राहील, हात लागणार नाही, पान तुटणार नाही, आणि तो निघाला तर जाऊ द्यायचं. फोटो धूसर आला तर येऊ दे. पाहणं झालं ना?

आणखी एक अडचण मीच सांगते. मुंगी तीन इंद्रियांची, असं मुलं शिकतात. पण बहुतेक मुंग्यांना डोळे असतात आणि चांगल्या लेन्समध्ये ते दिसतात. मूल विचारणारच. तेव्हा "गप्प बस" म्हणून भिंग कपाटात ठेवू नका. प्रश्न घेऊन त्याला महाराजांकडे न्या, मोठ्यांकडे न्या. मला वाटतं, प्रश्न विचारणारं मूल धर्मापासून दूर जात नाही. न बघता पाठ करणारं मूल मात्र मोठं झाल्यावर पाठ केलेलंही विसरतं.

क्षमावाणीला आपण सगळ्या जिवांची क्षमा मागतो. यंदा त्याआधीच्या दिवसांत रोज एक जीव नीट पाहायचा, असा छोटा नियम घ्या. मोठा खर्च नाही, उपास नाही, वेळ पाच मिनिटं. त्या दिवशी हात जोडाल तेव्हा डोळ्यांपुढे दहा-बारा चेहरे तरी असतील. गजावरच्या त्या कोळ्याचाही.