नळीचा जीव आकड्यात नसतो

सटाण्यात पिस्तुलाचा परवाना असलेली चार माणसं एकत्र बसली की एक वाक्य हमखास कानावर येतं: "नळीचं आयुष्य ठरलेलं असतं, तेवढ्या गोळ्या झाल्या की बदलायची." आकडा मात्र प्रत्येकाचा वेगळा. कुणी दोन हजार सांगतो, कुणी पाच. त्याच बैठकीत दुसरा पक्षही असतो. त्याचं म्हणणं, पोलादाला काय होतंय, आजोबांची बंदूक अजून वाजते. माझ्या मते दोन्ही पक्ष चुकतात. त्यातही पहिल्याची चूक अधिक घातक, कारण तो आकडा सांगतो आणि आकड्यावर लोक विश्वास ठेवतात.

काही हजारांचा हा आकडा आला कुठून? तो जोरकस रायफलींचा आहे. त्यांच्या काडतुसात तीन ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहून जास्त दारू असते आणि दाब चौरस इंचाला साठ हजार पाउंडांच्या घरात जातो. चेंबरच्या तोंडाशी, जिथे आटे सुरू होतात, तिथलं पोलाद प्रत्येक बाराला भाजून निघतं आणि पुढे दुष्काळातल्या काळ्या जमिनीसारखं भेगाळतं. अशा रायफलीचा नेम दोन-तीन हजार बारांत ढिला होऊ शकतो, हे खरं. पण आपल्याकडे सामान्य परवान्यावर पिस्तूल मिळतं ते .32 चं. त्याच्या दाबाची मान्य मर्यादा साडेवीस हजार पाउंड आणि दारू एका ग्रॅमच्या पाव हिश्श्याहूनही कमी. पोलिसांकडच्या 9 मिलिमीटरची मर्यादाही पस्तीस हजारांची आहे. तिथेसुद्धा नीट ठेवलेली नळी हजारोंत नव्हे, दहा-दहा हजारांत मोजावी लागते. रायफलीचं माप पिस्तुलाला लावणं हाच मुळात गोंधळ आहे.

आता आपला हिशेब मांडू. परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते आणि सरावासाठी मान्यताप्राप्त रेंजवरच जावं लागतं. समजा एखाद्याने दरवर्षी शंभर गोळ्या झाडल्या, तरी पन्नास वर्षांत पाच हजार होतील. सटाण्याच्या बागलाण तालुक्यात असे किती जण? बहुतेकांच्या कपाटातल्या पिस्तुलातून शंभर बारही निघालेले नसतात. झिजेची भीती त्यांनी बाळगायचं कारणच नाही.

ज्यांना ती बाळगायला जागा आहे, त्यांच्याकडे पाहा. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. हा प्रकार .22 चा. मऊ शिशाची गोळी, कमी दाब. सरावात अशा असंख्य गोळ्या जातात, तरी नळी तग धरते. दहा मीटरच्या हवेच्या पिस्तुलात तर आगच नसते. तिथे मुदत असते ती हवेच्या सिलिंडरला, साधारण दहा वर्षांची, आणि स्पर्धेत ती तपासली जाते. टोकियो ऑलिंपिकमध्ये 25 जुलै 2021 रोजी नेमबाज मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बंद पडलं, ते कॉकिंग लिव्हर तुटल्यामुळे. नळी शाबूत होती. शस्त्र दगा देतं तेव्हा बहुधा स्प्रिंग, मॅगझिनचे ओठ, खटका यांपैकी काहीतरी गेलेलं असतं, आणि दोष मात्र नळीच्या माथी येतो.

मग आपल्याकडे नळी खराब होते कशाने? पहिलं कारण गंज. 2024 हे निवडणुकांचं वर्ष आठवा. 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, 4 जूनला निकाल. 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता आली. ज्यांना शस्त्र जमा करायला सांगितलं गेलं, त्यांचं पिस्तूल एका वर्षात दोनदा घराबाहेर राहिलं. जमा झालेल्या शस्त्राला तेल लावत बसणं हे ठाण्याचं काम नव्हे. ते देण्याआधी आपणच करायचं असतं आणि परत आल्याच्या दिवशी पुन्हा. कित्येक जण मात्र बोटांचा घाम लागलेलं पिस्तूल चामड्याच्या म्यानासकट देतात आणि आणल्यावर तसंच कपाटात ठेवतात. चामडं ओल धरतं. पावसाळ्याचे चार महिने त्या म्यानात काढलेली नळी, एकही बार न काढता, हजारो गोळ्या झाडलेल्या नळीपेक्षा वाईट दिसू शकते.

दुसरं कारण साफसफाईची लोखंडी सळई. ती पुढच्या तोंडातून घुसवून घासली की तोंडाची कड एका बाजूने झिजते, आणि गोळी नळी सोडताना शेवटचा स्पर्श त्या कडेलाच करते. तिसरं कारण सगळ्यांत धोक्याचं. बार फुसका निघाला, आवाज दबका आला, गोळी नळीतच अडकली आणि घाईत दुसरी झाडली, तर नळी त्या जागी फुगते. अशी नळी एका बारात संपते. तिथे कुठलाच आकडा उपयोगाचा नाही.

"तरी सुरक्षिततेसाठी आधीच बदललेली बरी," असं म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण नळी हा बल्ब नव्हे की फिरवून काढला आणि दुसरा लावला. काही पिस्तुलांत नळी स्लाइडबरोबर सुटी निघते. वॉल्थर पीपीकेसारख्या पिस्तुलांत ती सांगाड्यात घट्ट बसवून पिनने अडकवलेली असते. नवी बसवताना चेंबरचं माप चुकलं, तर धडधाकट जुनी नळी काढून आपण धोकाच विकत घेतो.

म्हणून निर्णय डोळ्यांनी आणि कागदावर घ्यावा. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं असल्याची दोनदा खात्री करा, जाणकाराकडून शस्त्र खोलून घ्या आणि नळीत मागून पांढऱ्या कागदाचा उजेड पाडा. आटे सरळ, चकचकीत दिसले तर नळी जिवंत आहे. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. ते थोडे असले तर नेम फारसा बिघडत नाही. आडवी काळी कडी दिसली तर नळी फुगली आहे, एकही बार काढू नका. तशी कडी नसेल तर मग रेंजवर, पिस्तूल टेकवून, एकाच लॉटची काडतुसं वापरून निशाण पाहा. छिद्रं गोल न पडता लांबट पडू लागली, म्हणजे गोळी आडवी होऊन जाते आहे. शिसं साचलेलं नसेल आणि काडतूस योग्य असेल, तर नळी बदलायची वेळ झाली.

तेव्हा मात्र टाळाटाळ नको, आणि आजोबांच्या बंदुकीचा दाखलाही नको. 1959 च्या शस्त्र अधिनियमात सुटे भागही शस्त्रातच मोजले जातात. म्हणून काम परवानाधारक दुरुस्तीदाराकडेच द्यायचं, पावती आणि नोंदीसकट. ओळखीच्या लेथवाल्याकडून नळी तासून किंवा आखूड करून घेणं हा तर सरळ गुन्हा. त्याचा हात कितीही सफाईचा असो, नेहमीपेक्षा जादा दाबाचं काडतूस झाडून नळीची परीक्षा घेण्याची सोय त्याच्याकडे नसते. नवी नळी घेताना त्या परीक्षेचा ठसा तिच्यावर आहे का, हे आधी पाहा. नसेल तर ती दुकानातच राहू द्या.