पुण्यात ‘मराठी शिका’, ॲमस्टरडॅममध्ये ‘इंग्रजीवर भागतं’



बिहारहून आलेला वॉचमन हिंदीत बोलला की आपण म्हणतो, “इतकी वर्षं पुण्यात राहतोस, अजून मराठी येत नाही?” यात चूक काहीच नाही. ज्या गावचं पाणी प्यायचं, त्या गावची बोली शिकावी. माझा प्रश्न एवढाच आहे की आपली मुलं-सुना विमानात बसली की हा नियम कुठे जातो?

माझा मुलगा, सून आणि नातू ॲमस्टरडॅमच्या जुन्या दक्षिण भागात राहतात. मी दोनदा जाऊन तिथे राहून आले. आपल्याकडे प्रभात रोड किंवा शिवाजी पार्क जसं, तशी ती वस्ती. पैसा भरपूर, पण दिखावा नाही. व्हॅन गॉगच्या चित्रांचं म्युझियम चालत जाण्याच्या अंतरावर, १८८८ साली सुरू झालेलं मोठं संगीतगृह जवळच. संध्याकाळी दिवे लागले तरी बऱ्याच घरांचे पडदे उघडे असतात. रस्त्यावरून जाताना आतली पुस्तकांची कपाटं दिसतात.

अशा वस्तीत आपली कितीतरी कुटुंबं राहतात. बिहारचा माणूस पुण्यात आला तर तो परप्रांतीय, आपण परदेशात गेलो की मात्र ‘एक्सपॅट’! बागेत आपल्या बायकांकडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं: “आम्ही काय, पाच वर्षांसाठीच आलोय. डच शिकून करायचंय काय? इंग्रजीवर भागतं.”

हा पाचाचा आकडा कुठून आला? परदेशातून बोलावलेल्या कुशल नोकरदाराला तिथलं सरकार पगाराच्या ३० टक्क्यांपर्यंतच्या रकमेवर करसवलत देतं, ती जास्तीत जास्त ५ वर्षं. ही मुदत घराघरांत तोंडपाठ आहे. वरच्या मजल्यावरच्या शेजारणीचं नाव मात्र कुणाला सांगता येत नाही.

मी कॉमर्सची पदवीधर, म्हणून हिशेब मांडते. या वस्तीतली फोंडलपार्क ही मोठी बाग १८६५ साली खुली झाली. ती सरकारने बांधलेली नाही. शहरातल्या सधन नागरिकांनी वर्गणी काढून जमीन घेतली आणि झाडं लावली. पुढे १९५३ साली ती बाग महापालिकेच्या हवाली झाली. बागेला नाव दिलंय एका कवीचं. आज आपली नातवंडं तिथे सायकल शिकतात. ही झाली आपली जमा. खर्चाच्या बाजूला आपण काय लिहिलं?

“आम्ही टॅक्स भरतो, भाडं भरतो,” असं लगेच उत्तर येतं. अहो, टॅक्स तर आपला वॉचमनही साबणाच्या वडीवर भरतो. त्याला आपण तेवढ्यावर सोडतो का? भाडं घरमालकाला मिळतं, कर सरकारला मिळतो. शेजाऱ्याला द्यायची असते ती ओळख आणि विचारपूस, आणि ती त्याच्या भाषेत द्यावी लागते.

यात सगळ्यात जास्त तोटा आपल्याच मुलींचा आहे. कुशल नोकरदाराच्या जोडीदाराला तिथे वेगळा परवाना न काढता काम करता येतं. आपल्या इंजिनिअर, सीए झालेल्या मुली तरीही घरात बसून आहेत, कारण कितीतरी कामांना डच लागतं. पाचाची सात-आठ वर्षं कधी होतात, कळतही नाही. मग कायमचं राहायचं ठरलं की भाषेची परीक्षा पुढे उभी राहतेच. तोवर मूल चौथ्या वर्षी शाळेत जाऊन फडाफडा डच बोलू लागलेलं असतं. पालकसभेत बाई काय म्हणाल्या, ते पोराने आईला समजावून सांगायचं! आईचा मान राहतो का यात?

काही जणी म्हणतात, “तिथले लोकच तुटक आहेत. घरी बोलवायचं तर डायरी काढून तारीख देतात, वर कॉफीबरोबर एकच बिस्किट.” खरं आहे. न कळवता दारात उभं राहणं त्यांना रुचत नाही. पण ती त्यांची रीत आहे. माझ्या सुनेने तारीख घेतली आणि गेली. खालच्या मजल्यावरच्या आजी तिचे उच्चार सुधारून देतात, ही त्यांना पराठा लाटायला शिकवते. एका बिस्किटावरून सुरू झालेली ओळख आहे ही.

दुसरी ढाल धर्माची. “त्यांच्यात मिसळलं की आपलं खाणंपिणं बिघडेल.” का बिघडावं? डच घरांत संध्याकाळी साधारण सहाला जेवण होतं. मुंबईतल्या आपल्याच किती घरांत आज सहाला ताट वाढलं जातं? उन्हाळ्यात तिथे दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे अनस्तमीला अडचणच नाही. हिवाळ्यात तो साडेचारलाच बुडतो, तेव्हा कसोटी खरी. पण ती घड्याळाशी आहे, शेजारणीशी नाही. एप्रिलमध्ये राजाच्या वाढदिवसाला त्याच बागेत मुलं आपली जुनी खेळणी जमिनीवर मांडून विकतात. परिग्रह कमी करण्याचा हा धडा लहानपणीच मिळत असेल, तर आपल्या मुलांना त्यापासून लांब का ठेवायचं?

आणि धर्माचं नाव घेतोच आहोत तर पूर्ण घेऊ. आपल्या तीर्थंकरांचा उपदेश लोकभाषेत पोचला. कन्नडचे रत्नकवी पंप, पोन्न आणि रन्न तिघेही जैन. श्रवणबेळगोळला बाहुबलींच्या चरणांशी कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तिन्ही भाषांत लेख कोरले आहेत. जिथे राहिलो तिथली भाषा आपली केली, म्हणून आपण टिकलो. ‘इंग्रजीवर भागतं’ ही आपली परंपरा नव्हेच.

हे मी सुनांना सुनवायला लिहिलेलं नाही. हे आहे आपल्यासाठी, त्यांच्या आया आणि सासवांसाठी. कारण दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आपण विचारतो, “डाळ मिळते ना? लोणचं संपलं का? परत कधी येणार?” आपणच त्यांना अर्ध्या बांधलेल्या बॅगेवर बसवून ठेवतो. या रविवारी एवढंच विचारा: “तुझी शेजारीण कोण गं? तिच्याशी तिच्या भाषेत काय बोललीस?” उत्तर आलं नाही तर पुढच्या रविवारी पुन्हा विचारा. लोणचं मिळेल कुठेही.