जुने कागद : देवघरातली देवी

चिपळूणजवळच्या आमच्या जुन्या घरात, देवघरात एक जड गोल थाळी असायची. तिच्यावर त्रिशूळधारी स्त्री आणि सिंह. पणजी तिला देवी समजून हळदकुंकू वाहायची. कडेला उठावाच्या इंग्रजी अक्षरांत पणजोबांचं नाव होतं, ते तिला वाचता येत नव्हतं. ती बाई म्हणजे ब्रिटानिया. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या वारसांना सरकारने पाठवलेलं ते कांस्यपदक होतं.

घरातली गोष्ट अशी, की पणजोबा बसऱ्याकडे लढाईत छातीवर गोळी झेलून गेले. गावातल्या शिलालेखावर किती जण युद्धावर गेले आणि किती मेले एवढे आकडे आहेत, नावं नाहीत. पदकावर नुसतं नाव, पलटण नाही.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदी घरबसल्या, फुकट शोधता येतात. मी लंडनहून शोधायला बसलो. आडनावातला ‘व’ कधी डब्ल्यू, कधी व्ही. पदकावरचं स्पेलिंग घातलं आणि नाव मिळालं! आनंदाने सगळ्यांना कळवलं, आणि फसलो. तालुका दुसराच होता. मग चुलतभावाने गावचा जुना फेरफार काढला. त्यात पणजोबांच्या वडिलांचं नाव होतं. त्या नावावरून खरी नोंद सापडली : ११७वी मराठा पलटण, वडिलांचं नाव, गाव, रत्नागिरी जिल्हा, मृत्यू ऑगस्ट १९१६.

तारीख पाहून थबकलो. ही पलटण कुट अल अमारा इथे वेढ्यात अडकली होती. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ला, तिथल्या फौजेने तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली. नंतर कैदेत उपासमारीने आणि रोगराईने हजारो मेले. पणजोबा वेढ्यातच होते असं ती नोंद सांगत नाही. मृत्यूचं कारणही देत नाही. पण पलटण पकडली गेल्यानंतर तीन महिन्यांहून अधिक काळ ते जिवंत होते, एवढं मात्र नक्की.

८५ वर्षांच्या आत्याला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे गोळी नाही लागली? मग आजोबा उपाशी गेले का रे?”

“कागदात तसं काही नाही, आत्या.”

कागद बोलतो तेवढंच ऐकायचं, हे इतरांना सांगणं सोपं. त्या दिवशी एक वाक्य पदरचं घालावं असं फार वाटलं. घातलं नाही.

पुढचा प्रश्न आत्यानेच विचारला : “तारीख आहे ना? मग तिथी काढ.” तिथी माहीत नाही म्हणून शंभर वर्षं त्यांचं पान सर्वपित्रीला वाढलं जायचं. मी १९१६च्या पंचांगावरून तिथी काढून दिली. पुढच्या वर्षी त्यांचं श्राद्ध त्यांच्या तिथीला होईल.

या दिवाळीत गावी फोन कराल, तेव्हा फराळाबरोबर ट्रंकेचीही चौकशी करा. जे सापडेल त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो मागवा. आणि कोणी काय सांगितलं, कधी सांगितलं, ते तारीख घालून लिहून ठेवा. घरातली गोष्ट टाकून देऊ नका, फक्त कागदाशेजारी ठेवून पाहा.

थाळी अजून देवघरातच आहे. हळदकुंकूही चालू आहे.