महामंडळाचे मोल कोणत्या मापाने?

आयुर्विमा महामंडळाचा भाग स्वस्त की महाग, याची चर्चा शेअर बाजारात मे २०२२ पासून चालू आहे. त्या महिन्यात केंद्र सरकारने महामंडळाचे साडेतीन टक्के भागभांडवल प्रत्येकी ९४९ रुपये दराने विकून २०,५०० कोटींहून अधिक रुपये उभे केले. १७ मे रोजी व्यवहार सुरू होताच भाव ८६७ रुपयांवर आला. जनतेकडील भागांचे प्रमाण दहा टक्क्यांवर नेण्यासाठी सेबीने मे २०२७ पर्यंत मुदत दिली आहे. म्हणूनच हा प्रश्न कष्टकरी विमेदाराच्या दृष्टीने तपासणे अगत्याचे आहे.

कारखान्याची किंमत वार्षिक नफ्यावरून अजमावता येते. विम्याचे तसे नाही. आज घेतलेल्या हप्त्याची देणी वीस-तीस वर्षांनी द्यावयाची असतात. नफाही सावकाश प्रकट होतो. त्यामुळे ‘अंतर्निहित मूल्य’ हे माप वापरतात: भागधारकांची आजची निव्वळ मालमत्ता, अधिक चालू पॉलिसींतून पुढे त्यांच्या वाट्यास येणाऱ्या नफ्याचे आजचे मोल. सप्टेंबर २०२१ अखेर ते ५,३९,६८६ कोटी रुपये होते. विक्रीच्या दराने अवघ्या महामंडळाची किंमत झाली सुमारे सहा लाख कोटी, म्हणजे जेमतेम १.१ पट. मोठ्या खाजगी आयुर्विमा कंपन्यांचे भाग त्या सुमारास दुपटीहून अधिक पटीने विकले जात होते. महामंडळाच्या बोनसयुक्त पॉलिसींत भागधारकांचा नफा कमी आणि शेअर बाजाराच्या चढउतारांचा परिणाम मोठा, हे विक्रीच्या समर्थकांचे म्हणणे निराधार नाही. तरीही मार्च २०२५ अखेर हेच मूल्य ७.७६ लाख कोटींवर पोहोचले. बाजाराच्याच मापाने पाहिले तरी सार्वजनिक मालमत्ता स्वस्तात गेली.

परंतु खरा प्रश्न या मापाचाच आहे. मार्च २०२१ अखेर हे मूल्य केवळ ९५,६०५ कोटी होते. सहा महिन्यांत ते साडेपाच पटींहून अधिक झाले, ते धंदा तितका वाढला म्हणून नव्हे. पूर्वी आयुर्विमा निधी एकच होता आणि वाढाव्याचा किमान ९५ टक्के हिस्सा विमेदारांचा होता. २०२१ च्या वित्त कायद्याने महामंडळाचा कायदा बदलला व निधीचे दोन भाग पाडण्यात आले. बोनस नसलेल्या पॉलिसींचा सारा वाढावा भागधारकांकडे वळला. बोनसयुक्त पॉलिसींतील त्यांचा वाटा पाच टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांवर नेण्याचे ठरले. कालपर्यंत विमेदाराचे असलेले उद्या भागधारकाचे म्हणून मोजले गेले, आणि त्या बेरजेला ‘मूल्य’ हे नाव मिळाले.

१९५६ मध्ये, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, २४५ खाजगी विमा संस्थांचे राष्ट्रीयीकरण झाले. सरकारने महामंडळात मूळ भांडवल घातले अवघे पाच कोटी. त्यानंतरचा सारा डोलारा उभा राहिला तो शिक्षक, कामगार, कारकून आणि शेतकरी यांच्या हप्त्यांवर. भाग स्वस्त आहे असे खरेदीदार म्हणतो, तेव्हा विमेदाराचा वाटा आपल्याकडे आणखी किती वळेल, हाच हिशेब तो करीत असतो.

तेव्हा पुढील विक्रीस विरोध करताना केवळ ‘भाव कमी आला’ अशी तक्रार पुरेशी नाही. वाढीव भावानेही विमेदाराचा गेलेला वाटा परत येत नाही. विमा कर्मचाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून घरोघरच्या पॉलिसीधारकासमोर एकच प्रश्न ठेवला पाहिजे: वाढावा कोणाचा?