आधी पाणी तपासा, मग यंत्र घ्या



गेल्या महिन्याभरात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. एकदा बदलापूरच्या मेव्हण्यांनी फोनवर, एकदा जुन्या विद्यार्थ्याने सावर्डे बाजारात भाजी घेताना, आणि एकदा शेजारच्या वहिनींनी कुंपणावरून. प्रश्न असा, "पाणी जड आहे, कुठला फिल्टर घेऊ?"

आता मी पडलो मराठीचा मास्तर. आयुष्यभर व्याकरण शिकवलं, विज्ञानाशी संबंध स्टाफरूममधल्या चहापुरता. तरी लोक मला विचारतात, कारण आमच्या घरी या पाण्यावरून काय रामायण झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ते एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

आमच्याकडे पाणी दोन प्रकारचं. एक वाडीची जुनी विहीर, जांभ्यात खोदलेली. चौदा घरं तिच्यावर. दुसरी आमची स्वतःची बोअर, २०१७ साली मारलेली. कारण उघड आहे. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण जांभा हा चाळणीसारखा दगड. पाणी मुरतं तसं झिरपून निघूनही जातं. एप्रिल उजाडला की विहिरीचा तळ दिसू लागतो, आणि डोंगरावरच्या वाड्या टँकरची वाट बघू लागतात.

विहिरीचं पाणी म्हणजे अमृत, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. साबण असा फेसतो की धुवून काढताना पुरेवाट होते. तुरीची डाळ दोन शिट्यांत मेण. बोअरचं पाणी मात्र अगदी उलट. साबण घासून घासून झिजतो, फेस नाही. डाळीचे दाणे चाराच्या चार शिट्या ऐकून तसेच. चहाच्या पातेल्याच्या बुडाला पांढरा पापुद्रा, न्हाणीघरातल्या तोटीला पांढरी दाढी. आमची ही दर पंधरा दिवसांनी लिंबाची सालं घेऊन ती दाढी करत बसायची.

शाळेच्या पुस्तकात याला छान शब्द आहेत, 'सुफेन' आणि 'दुष्फेन' पाणी. शब्द मला ठाऊक होते, कारण मला विचारलं नाही. ते आमच्या विज्ञानाच्या सरांनी, माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी, मला निवृत्तीनंतर समजावून सांगितलं. पावसाचं पाणी जांभ्यातून जातं तेव्हा त्याला घेण्यासारखं फारसं काही मिळत नाही, कारण हजारो वर्षांच्या पावसाने जांभ्यातले क्षार आधीच धुऊन नेलेले आहेत. बोअर मात्र जांभा ओलांडून खालच्या काळ्या कातळात जाते. तिथल्या भेगांत पाणी वर्षानुवर्षं मुरत बसतं, आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन वर येतं. तेच ते जडपण.

असो. आता गोष्ट सांगतो.

२०२२ च्या मे महिन्यात नात पुण्याहून सुट्टीला आली. नऊ वर्षांची. पुण्यात यंत्राचं पाणी पिणारी, इथे आल्यावर विहिरीवर पहिली धावली. कळशी भरायची, ओंजळीने प्यायची. मला कोण कौतुक! मी तिला सांगितलं, "पी, असं पाणी तुझ्या पुण्यात मिळायचं नाही." जूनमध्ये पहिला पाऊस पडला, विहिरीला लालसर पाणी आलं, चार दिवसांत निवळलं. आम्ही ते गाळून प्यायलो. १४ जूनला नात परत गेली.

जुलैच्या मध्यावर मुलाचा फोन आला, पोरीला कावीळ झाली आहे. डोळे पिवळे, अन्नावर वासना नाही, उलट्या. पुढे आमच्या वाडीतल्याही दोन मुलांना तीच कावीळ झाली.

मुलाने निदान लगेच केलं. "बाबा, ते बोअरचं पाणी! केवढा क्षार आहे त्यात. मी आरओचं मशीन पाठवतोय, तुम्ही काही बोलू नका." मीही मान हलवली. दोष द्यायला पांढरा पापुद्रा समोर दिसत होता. विहिरीवर संशय घेण्याचं माझ्या मनातही आलं नाही.

मशीन येण्याआधी कंपनीचा एक मुलगा घरी आला. चुणचुणीत पोरगा. त्याने दोन ग्लास मांडले, एकात आमचं बोअरचं पाणी, एकात त्याच्या बाटलीतलं आरओचं. एका खोक्याच्या कांड्या दोन्हीत बुडवल्या आणि बटण दाबलं. मिनिटाभरात आमचं पाणी गढूळ, मग तपकिरी, मग वर घाणेरडा साका! त्याचं पाणी तसंच स्वच्छ. ही तर तोंडाला पदर लावून बघत राहिली. "आजोबा, हे पिता तुम्ही रोज," तो म्हणाला.

संध्याकाळी मी विज्ञानाच्या सरांना हे सांगितलं, तर ते हसले. म्हणाले, "उद्या तो परत आला की त्याच्या आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि मग बटण दाबायला सांगा." दुसऱ्या दिवशी मी तसं केलं. त्याचंही पाणी तपकिरी झालं! पोरगा ओशाळला. त्या कांड्यांत एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचाच गंज पाण्यात उतरतो. क्षार नसले तर वीज वाहत नाही, गंजही नाही. साका पाण्यातला नव्हताच, कांडीतला होता. त्या मुलाचा मला राग नाही. त्याला शिकवलं तसं तो करत होता. पण माझं मन त्या दिवशी थाऱ्यावर आलं.

सर म्हणाले, "आधी पाणी तपासून घ्या. दोन्ही पाणी." दोन्ही? मला जरा लागलंच ते. पण ऐकलं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा असतात, तिथे पाणी तपासून मिळतं. आणि गावपातळीवर एक साधी बाटली मिळते. तिच्यात पाणी भरून उबेला ठेवायची. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर समजायचं की त्यात विष्ठेतून आलेले जंतू असण्याचा संभव आहे.

मी दोन बाटल्या खिडकीत ठेवल्या. एकीवर 'बोअर', एकीवर 'विहीर' अशी चिठ्ठी. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन खिडकीशी गेलो. बोअरची बाटली होती तशी. विहिरीची काळी ठिक्कर.

मंडळी, तो चहा मला गेला नाही.

कारण एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. पावसाच्या तोंडाला विहिरीत टीसीएल पावडर टाकायची, ही वाडीची पद्धत. घरोघरी पाळी असते. त्या वर्षी जूनची पाळी आमची होती, आणि मी ती टाकली नव्हती. विसरलो म्हणून नव्हे. मला तो वास आवडत नाही. "एवढं गोड पाणी कशाला बिघडवायचं?" असं मी चारचौघांत म्हणालो होतो, आणि मास्तर म्हणतात म्हणून कोणी वाद घातला नाही. नातीला आणि त्या दोन मुलांना त्याच पाण्याने कावीळ झाली हे मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. पण माझ्यापुरतं सिद्ध झालं आहे.

पुढे प्रयोगशाळेचा कागद आला. विहीर: टीडीएस ७०. बोअर: टीडीएस ४३०, जडपणा ३१०. आपल्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) टीडीएस ५०० पर्यंत चांगला, आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. जडपणा २०० पर्यंत चांगला, आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत. म्हणजे आमची बोअर थोडी आडमुठी, पण वाईट चालीची नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनेही जडपणावर आरोग्याच्या कारणासाठी मर्यादा घातलेली नाही. जंतूंच्या बाबतीत मात्र मानक एकच आकडा सांगतं. १०० मिलिलिटर पाण्यात शून्य.

यावरून माझं मत असं बनलं आहे की आपण पाण्याची परीक्षा जिभेने आणि डोळ्याने करतो, आणि तिथेच फसतो. जिभेला क्षार कळतो, जंतू कळत नाही. तो टीडीएसचा मीटरही, लोक पेनासारखा खिशात घेऊन हिंडतात तो, क्षारच मोजतो. आमच्या विहिरीला त्याने ७० म्हणजे पैकीच्या पैकी गुण दिले असते. जडपणा हा डाळीचा, साबणाचा आणि गीझरचा शत्रू. जंतू हा माणसाचा शत्रू. दोन्हींचे इलाज वेगळे, आणि दुकानात मात्र दोन्ही एकाच डब्यात विकतात.

मला जे समजलं ते थोडक्यात सांगतो.

साधी कँडल गाळ अडवते, बरेचसे जंतूही अडवते. काविळीचा विषाणू तिला दाद देत नाही, आणि जडपणा तर मुळीच जात नाही. यूव्ही दिवा जंतू आणि विषाणू मारतो, पण पाणी नितळ हवं आणि वीज हवी. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती, हे कोकणातल्या माणसाने विसरू नये. यूएफ म्हणजे बारीक पडद्याचं गाळण. विजेशिवाय चालतं, गाळ आणि जिवाणू अडवतं. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही असा पडदा तयार केलेला आहे. क्षार यातल्या कशानेच जात नाही.

क्षार काढतो तो आरओ. १९६० च्या आसपास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि आपले श्रीनिवास सौरीराजन यांनी त्याचा उपयोगी पडदा तयार केला, तो समुद्राचं पाणी गोडं करण्यासाठी. समुद्रासाठी केलेलं हत्यार आपण जांभ्याच्या विहिरीवर चालवतो! बरं, घरगुती यंत्र साधारण एक भाग पाणी देतं आणि तीन भाग मोरीत सोडतं. आमच्या घरी प्यायला नि स्वयंपाकाला दिवसाला पंधरा लिटर लागतं. म्हणजे पंचेचाळीस लिटर, चांगल्या तीन घागरी, रोज वाया. मे महिन्यात, जिथे बायका टँकरपाशी हंडे घेऊन उभ्या असतात त्या तालुक्यात. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये सरकारला सांगितलं होतं की टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओवर बंदी घाला. कायद्याचं पुढे काय व्हायचं ते होवो, शहाणपण त्यात आहे.

आरओ वाईट, असं मी म्हणत नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, फ्लोराइड असलेल्या यवतमाळ-चंद्रपूरकडच्या गावांत, किंवा खाडीकाठी जिथे विहिरीला खारं पाणी शिरतं, तिथे त्याला पर्याय सहसा नाही. तिथल्या माणसाने तो अवश्य घ्यावा. पण पुण्याच्या पाहुण्याकडे आहे म्हणून सावर्ड्यात घेऊ नये.

मुलाला मी हे सगळं पत्राने कळवलं (फोनवर तो ऐकून घेत नाही). माझी चूकही लिहिली. ते लिहायला मला तीन दिवस लागले. त्याचा फोन आला, बराच वेळ बोलला नाही, मग एवढंच म्हणाला, "मशीन रद्द करतो."

आता आमची सोय अशी. यूएफचं बिनविजेचं गाळण आहे. पावसाळ्यात त्यातलं पाणीही खळखळून उकळतो, मग पितो. उन्हाळ्यात बोअरचं पाणी उकळून, निवू देऊन, वरचं नितळ तेवढं घेतो. उकळल्याने जडपणाचा एक भाग खाली बसतो. पातेल्यातला पांढरा पापुद्रा म्हणजे तोच. डाळीला हे उकळलेलं पाणी. धुणं होता होईल तो विहिरीच्या पाण्यावर. तोटीची दाढी आता मी करतो.

पण खरी गोष्ट याहून वेगळी आहे, आणि ती सांगण्यासाठीच एवढं लांबण लावलं. गेल्या काही वर्षांत वाडीत पाच घरी यंत्रं आली. त्या पाच घरांतलं कोणी आता विहिरीचा गाळ काढायला येत नाही. "आम्ही कुठे पितो तिचं?" हे त्यांचं म्हणणं. चौदातले पाच गेले, उरले नऊ. उद्या आणखी चार जातील. मग कठड्याची फट कोण बुजवणार, काठावर गुरं बांधू नका हे कोण सांगणार? आणि ज्याला यंत्र परवडत नाही त्याची पोरं कुठलं पाणी पिणार? आमच्या वाडीत कावीळ झालेली दोन्ही मुलं यंत्र नसलेल्या घरांतली होती.

म्हणून फिल्टर कुठला घेऊ, असं विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, विहिरीचा गाळ यंदा काढलात का? पाणी तपासलंत का? ते करा, मग हवा तो फिल्टर घ्या.

टीसीएलची पाळी आता कोणाचीही असो, पावसाच्या तोंडाला मी विहिरीवर हजर असतो. गावचा जलसुरक्षक मोजून देईल तेवढी पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडायचं, आणि तासभर कोणाला पाणी भरू द्यायचं नाही. मागच्या सुट्टीत नात माझ्याबरोबर आली होती. आता मोठी झाली आहे. नाक दाबून म्हणाली, "आजोबा, वास येतोय."

म्हटलं, "येऊ दे."