‘समांतर मार्ग’ नावाचा गुन्हा

मुंबईत मेट्रोचा नवा टप्पा सुरू झाला की काही दिवसांतच एक युक्तिवाद ठरल्याप्रमाणे डोके वर काढतो : मेट्रोला समांतर धावणाऱ्या बेस्टच्या बसगाड्या आता हव्यात कशाला? त्या बंद कराव्यात, रस्ता मोकळा करावा, पैसा वाचवावा. युक्तिवाद दिसायला इतका सरळ की त्याला हरकत घेणारा आपोआप प्रगतीचा शत्रू ठरतो. प्रस्तुत धागा या युक्तिवादाविषयी आहे, आणि त्याला खोटे पाडणाऱ्या या शहराच्या दीडशे वर्षांच्या वाहतुकीविषयी.

९ मे १८७४. मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. मार्ग दोन : कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणी आणि बोरीबंदराहून काळबादेवीमार्गे पायधुणी. ७ मे १९०७ रोजी घोडे गेले, वीज आली. १९२० मध्ये दुमजली ट्रामही आली. आज जगभर ज्या व्यवस्थेला ‘लाइट रेल’ म्हणतात, तिची ट्राम ही थेट पूर्वज : रस्त्याच्या पातळीवरचे रूळ, हलके डबे, जवळजवळचे थांबे.

मग १५ जुलै १९२६ रोजी शहरातली पहिली बस धावली, कुलाब्याच्या अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत. हा मार्ग नकाशावर बोट ठेवून पाहण्यासारखा आहे. कुलाबा ते क्रॉफर्ड मार्केट या पट्ट्यात ट्राम तोवर अर्धशतक धावत होती. म्हणजे मुंबईची पहिलीवहिली बस हीच मुळात रुळांना समांतर धावणारी बस होती. आजचा निकष लावला असता तर तिला उद्घाटनाच्या संध्याकाळीच आगारात परत पाठवावे लागले असते.

तसे झाले नाही, कारण ट्राम आणि बस दोन्ही एकाच कंपनीच्या होत्या आणि दोहोंचे उतारू वेगळे होते, हे कंपनीला ठाऊक होते. ससून डॉकपासून दादरपर्यंत ट्रामने जायला दीड आणा पडे. तेवढ्याच अंतरासाठी बस चार आणे घेई. त्यामुळे बरीच वर्षे बस ही वरच्या मध्यमवर्गाची सवारी मानली गेली आणि ट्राम गरिबाची. रस्ता एक, दिशा एक, पण खिसे दोन. ‘समांतर’ हा शब्द भूमितीचा आहे. भूमितीला खिसा दिसत नाही.

पुढे १९३४ मध्ये बस शहराच्या उत्तर भागात गेली, १९३७ मध्ये दुमजली झाली, १९४० मध्ये कुलाबा ते माहीम अशी मर्यादित थांब्यांची बस निघाली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, महापालिकेने हा सारा कारभार ताब्यात घेतला, तेव्हा २३ मार्गांवर २४२ बसगाड्या होत्या. ट्रामचे मार्ग त्यानंतर एकेक करून आवरत गेले. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदराहून दादरला शेवटची ट्राम गेली. तिला निरोप द्यायला रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी होती.

त्या रात्रीविषयी मराठीत गहिवर पुष्कळ आहे. तो खराही आहे. पण गहिवरात एक तपशील नेहमी निसटतो : तेव्हा बस रस्त्यावर येऊन जवळजवळ ३८ वर्षे झाली होती. जे नवे होते ते आधी रुजले, पसरले, सामान्य माणसाच्या अंगवळणी पडले, आणि त्यानंतर जुने काढून घेतले गेले. ट्राम बंद करण्याचा निर्णय बरोबर होता की चूक, यावर वाद घालता येईल. निर्णयाचा क्रम मात्र निर्विवाद आहे. आज उलटा क्रम सुचवला जात आहे : नवे अजून रुजायचे आहे, तोच जुने काढा.

आणखी एक दाखला, ट्रामहूनही जुना. पश्चिम रेल्वेच्या मार्गावर लोकल १८६७ पासून धावते. तिच्या शेजारून, कित्येक ठिकाणी हाकेच्या अंतरावरून, स्वामी विवेकानंद मार्ग जातो. या रस्त्यावरून पिढ्यान् पिढ्या बस धावत आली. शेजारी लोकल आहे म्हणून ती अनावश्यक ठरली नाही. लोकल बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्यासाठी होती. बस दवाखान्यात, शाळेत, बाजारात, दोन थांब्यांवरच्या बहिणीकडे जाणाऱ्यासाठी. लोकल असताना बस लागते हे ज्या शहराने शंभर वर्षे गृहीत धरले, त्याच शहराला मेट्रो आल्यावर बस नकोशी का व्हावी?

तिकिटाचे उत्तर आधी पाहावे. कुलाब्याजवळच्या कफ परेडपासून आरेपर्यंत जाणाऱ्या भुयारी मेट्रो ३ चे तिकीट १० रुपयांपासून ७० रुपयांपर्यंत आहे. बेस्टच्या साध्या बसचे पहिल्या पाच किलोमीटरचे तिकीट १० रुपये आहे, आणि तेही अलीकडे. ८ मे २०२५ पर्यंत ते ५ रुपये होते. इतिहासाला योगायोगांची खोड असते. ९ मे २०२५ रोजी, पहिल्या ट्रामला बरोबर १५१ वर्षे झाली त्या दिवशी, एकीकडे मेट्रो ३ च्या वांद्रे-कुर्ला संकुल ते वरळी या टप्प्याचे उद्घाटन झाले आणि दुसरीकडे बेस्टचे किमान भाडे दुप्पट झाले. १९२६ मध्ये महाग वाहन स्वस्त वाहनाच्या शेजारी येऊन उभे राहिले. आता महाग वाहन येताना स्वस्ताला उठवा म्हणते.

अंतराचे उत्तर त्याहून रोखठोक. मेट्रो ३ ची लांबी सुमारे साडेतेहतीस किलोमीटर आणि स्थानके २७. म्हणजे दोन स्थानकांत सरासरी सव्वा किलोमीटरहून अधिक अंतर. बसथांबे याहून कितीतरी जवळ असतात. त्यात भुयारी स्थानक म्हणजे आधी खाली उतरणे, तपासणी, पुन्हा खाली, आणि पलीकडे तेवढेच वर चढणे. ज्याला बारा किलोमीटर जायचे आहे त्याला हे सारे परवडते, कारण पुढचा वेग ते भरून काढतो. गिरगावातून काळबादेवीला जाणाऱ्या सत्तर वर्षांच्या बाईंना ते परवडत नाही. त्यांच्यापुरती मेट्रो बसला समांतर नाहीच. ती त्यांच्या पायाखालून जाते, एवढाच काय तो संबंध.

विरोधी बाजूचे एक म्हणणे मात्र मान्य करायला हवे. रूळ वाढले की बसचे मार्ग बदलावेच लागतात. बारा-पंधरा किलोमीटरचा लांब पल्ला कोंडीत अडकत पार करणारी बस आणि तिच्या डोक्यावरून अर्ध्या वेळात जाणारी मेट्रो, असे चित्र असेल तर त्या लांब मार्गाचा काही हिस्सा सोडून गाडी स्थानकाकडे वळवणे शहाणपणाचेच. वादाचा मुद्दा एकच आहे : सोडलेल्या मार्गावरून वाचलेली गाडी आणि तिचे तास जातात कुठे?

हा प्रश्न गेल्या दशकात अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या सिॲटल शहराला वारंवार सोडवावा लागला. तिथला इतिहास मुंबईशी विलक्षण जुळतो. सिॲटलनेही ट्राम काढून टाकली, मुंबईच्या आधी, १९४१ मध्ये, आणि ६८ वर्षांनी, २००९ मध्ये, पुन्हा रूळ टाकून लाइट रेल सुरू केली. मार्च २०१६ मध्ये ती विद्यापीठापर्यंत पोहोचली, तेव्हा विद्यापीठ परिसरातून शहराच्या मध्यभागी जाणाऱ्या जुन्या बसमार्गांची फेररचना झाली. ७२ क्रमांकाचा मार्ग बंद पडला, ७१ आणि ७३ मध्यभागी न जाता रेल्वेस्थानकाशी थांबू लागले. ऑक्टोबर २०२१ मध्ये रूळ नॉर्थगेटला गेले, तेव्हा तिथून मध्यभागी जाणारा ४१ क्रमांकाचा मार्ग गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये रूळ शेजारच्या जिल्ह्यातल्या लिनवुडला गेले आणि पुढच्याच महिन्यात त्या जिल्ह्यातून थेट सिॲटलच्या मध्यभागी येणाऱ्या बहुतेक बसगाड्या मागे घेतल्या गेल्या.

एवढेच सांगितले तर हे उदाहरण बस बंद करा म्हणणाऱ्यांच्या बाजूचे वाटेल. उरलेला अर्धा भाग ते सांगत नाहीत. मागे घेतलेल्या फेऱ्यांचे तास स्थानिक मार्गांना दिले गेले. अर्ध्या तासाने येणारी बस पंधरा मिनिटांनी येऊ लागली, तर बदल सहन करण्याला काही अर्थ उरतो. शिवाय त्या प्रदेशात अनेक वाहतूक संस्था असूनही एक सामाईक कार्ड आहे, आणि दोन तासांच्या आत बसमधून रेल्वेत किंवा दुसऱ्या संस्थेच्या बसमध्ये गेल्यास आधीचे भाडे वळते होते. प्रवास तुटतो, तिकीट तुटत नाही.

तरीही तिथे सारे गोड झाले असे नव्हे. विद्यापीठाचे स्थानक क्रीडागाराच्या शेजारी, रुंद रस्त्याच्या कडेला आले. बसमधून उतरून रेल्वेपर्यंतची पायपीट आणि पावसातला रस्ता ओलांडणे यांविषयी उतारूंनी वर्षानुवर्षे तक्रार केली. पूर्वी एका गाडीत बसून झोपेतही पोहोचणाऱ्याला आता मधेच उठून उतरावे लागले. वारंवारता वाढवूनही गाडी बदलण्याचा जाच उरतो. न वाढवता केलेला बदल म्हणजे निव्वळ कपात, तिला ‘सुसूत्रीकरण’ म्हटले तरी.

मुंबईत बेरजेला घ्यायला गाड्याच कमी होत चालल्या आहेत. २०१० च्या सुमारास बेस्टचा ताफा साडेचार हजारांच्या आसपास होता. २०२५ मध्ये तो तीन हजारांच्याही खाली आला. त्यातही बहुतेक गाड्या भाडेतत्त्वावरच्या. मेट्रोचे जाळे वाढत असताना, म्हणजे स्थानकापर्यंत पोहोचवणाऱ्या बसची गरज सर्वाधिक असताना, हा ताफा आटला. ‘समांतर मार्ग बंद करून गाड्या पूरक मार्गांना द्या’ हे वाक्य अशा वेळी कागदावर शहाणे दिसते आणि रस्त्यावर त्याचा अर्थ फक्त पहिल्या तीन शब्दांपुरता उरतो.

यामागचे कारण व्यक्तींमध्ये शोधणे व्यर्थ, ते रचनेत आहे. १९२६ मध्ये ट्राम आणि बस एका कंपनीच्या होत्या, १९६४ मध्ये एका उपक्रमाच्या. ट्रामचा तोटा आणि बसचा नफा एकाच वहीत लिहिला जाई. आज पहिली मेट्रो, वर्सोवा ते घाटकोपर, २०१४ मध्ये खासगी भागीदारीतून आली. २ अ आणि ७ या मार्गिका एमएमआरडीएच्या. भुयारी मार्गिका केंद्र आणि राज्य यांच्या संयुक्त महामंडळाची. बस महापालिकेच्या उपक्रमाची. मेट्रोचा उतारू बसने स्थानकापर्यंत आला तर उत्पन्न मेट्रोच्या वहीत वाढते आणि त्याला आणण्याचा खर्च बेस्टच्या वहीत. तोट्यातल्या संस्थेने दुसऱ्याच्या नफ्यासाठी गाड्या वाढवाव्यात अशी ही अपेक्षा. एकच कार्ड सगळीकडे चालते, असे यावर अभिमानाने सांगितले जाते. कार्ड एक आहे. भाडी वेगवेगळी आहेत, आणि प्रत्येक चढउतारावर नव्याने कापली जातात.

केंद्राचे २०१७ चे मेट्रो धोरण या बाबतीत आश्चर्यकारकरीत्या स्पष्ट आहे. मेट्रोचा प्रस्ताव देतानाच राज्याने स्थानकांच्या दोन्ही बाजूंना पाच किलोमीटरपर्यंत पूरक सेवा कशी देणार आणि तिच्यासाठी गुंतवणूक कशी करणार हे मांडायचे आहे. सर्व वाहतुकीसाठी एकत्रित प्राधिकरणाचीही अट आहे. म्हणजे बस ही मेट्रोच्या प्रकल्पखर्चाचाच भाग धरायची आहे, मेट्रो उघडल्यानंतर उरलेल्या पैशांतून करायची दानधर्माची गोष्ट नव्हे.

तेव्हा यापुढे कोणत्याही स्थानकाशेजारचा बसमार्ग ‘समांतर’ म्हणून बंद करण्याचा प्रस्ताव आला, तर त्यासोबत काही कागद मागावेत. त्या मार्गावर आज किती गाड्या किती तास धावतात, हे सांगणारा. ते तास उद्या कोणत्या क्रमांकाच्या मार्गावर, किती मिनिटांच्या अंतराने धावतील, हे सांगणारा. बसमधून मेट्रोत जाणाऱ्याचे आधीचे भाडे वळते होईल, हे सांगणारा. हे कागद जोडलेले नसतील तर १९२६ चा नकाशा पुन्हा उघडावा. अफगाण चर्चपासून निघालेल्या त्या पहिल्या बसला शेजारच्या ट्रामने हटकले नव्हते.